विमानतळावरचा टॅक्सीचा वाद : काळी-पिवळी, पर्यटक टॅक्सी आणि मोबाईल ॲप

आजचा विषय पाठ्यपुस्तकात सरळ सापडणार नाही. पण अर्थशास्त्र, नागरिकशास्त्र आणि मराठी निबंधलेखन या तिन्ही ठिकाणी तो उपयोगी पडेल. 'तंत्रज्ञान आणि रोजगार', 'बदलते शहर', 'स्पर्धा : शाप की वरदान' असे निबंध परीक्षेत येतात. तेव्हा बहुतेक मुलं "तंत्रज्ञानाचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत" एवढं एक वाक्य चार वेळा फिरवून लिहितात. त्यापेक्षा एकच खरं उदाहरण नीट समजून घेतलं, तर लिहिण्यासारखं खूप मिळतं. म्हणून आज आपण विमानतळावरच्या टॅक्सीच्या वादाचा अभ्यास करू.

१. वाद नेमका काय आहे?

विमानतळातून प्रवासी बाहेर येतो. हातात बॅगा असतात, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतात. बाहेर वर्षानुवर्षे रांगेत उभ्या राहणाऱ्या टॅक्सीवाल्यांना हा प्रवासी हवा असतो. पण प्रवासी मोबाईल काढतो, ॲपवर गाडी बोलावतो आणि रांगेसमोरून निघून जातो. रांगेतला चालक म्हणतो, "आम्ही सकाळपासून उभे आहोत, आमच्या पोटावर पाय येतोय." ॲपचा चालक म्हणतो, "मीपण कर्ज काढूनच गाडी घेतली आहे. मला प्रवासी नेऊ नको असं सांगणारे तुम्ही कोण?" आणि प्रवासी म्हणतो, "मला फक्त योग्य भाड्यात घरी जायचं आहे."

म्हणजे वाद दोघांचा दिसतो, पण त्यात माणसं तीन आहेत. आणि खोलात गेलं तर पाच : रांगेतला चालक, ॲपचा चालक, प्रवासी, ॲपची कंपनी आणि विमानतळ चालवणारी संस्था. सरकार धरलं तर सहा! हे सहाही जण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

२. दोन्ही व्यवस्था आधी समजून घेऊ

*पारंपरिक टॅक्सी.* मुंबईची काळी-पिवळी घ्या. ती चालवायला तीन गोष्टी लागतात. गाडीला टॅक्सीचा परवाना, चालकाला वाहन चालवण्याचं लायसन्स आणि प्रवासी वाहतुकीचा बॅज. गाडीला मीटर लागतो. भाडं चालक ठरवत नाही, संघटनाही ठरवत नाही, ते परिवहन प्राधिकरण ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत साध्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं २८ रुपयांवरून ३१ रुपये झालं आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये. पाऊस असो, संप असो, लोकल बंद पडलेली असो, मीटर तेच सांगणार. गाडी किती वर्षं चालवायची हेसुद्धा नियमात आहे. वीस वर्षांच्या मर्यादेमुळेच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली.

थोडक्यात, इथे सरकारने चालकावर बंधनं घातली आणि बदल्यात एक आश्वासन दिलं : परवाना असलेल्यालाच मीटरवर धंदा करता येईल. मुंबईत बरीच वर्षं नवे परवाने देणं थांबलेलं होतं. त्यामुळे परवान्यालाच किंमत आली. मुलीच्या लग्नाला किंवा गावच्या घराला पैसे लागले तर परवान्याच्या जिवावर व्यवहार व्हायचे. तो कागद म्हणजे त्या कुटुंबाची शेतीच म्हणा ना.

*ॲपची टॅक्सी.* उबर ही कंपनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंगळुरूतून भारतात आली. ओला २०१० मध्ये इथेच सुरू झाली. या कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही टॅक्सी चालवत नाही, आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो. गाडी चालकाची, कर्ज चालकाचं, डिझेल-सीएनजी चालकाचं. बरीच वर्षं कंपनी प्रत्येक फेरीमागे आपला वाटा कापून घेत आली. या गाड्यांकडे बहुतेक पर्यटक परवाना असतो. हा परवाना मुळात ठरवून केलेल्या प्रवासासाठी होता, म्हणजे देवदर्शनाला गाडी ठरवली, लग्नाला ठरवली, तशा. रस्त्यावर उभं राहून हात दाखवेल त्याला नेण्यासाठी नव्हता. पण मोबाईलवर दोन मिनिटांपूर्वी केलेलं बुकिंग हेसुद्धा 'आधी ठरवलेलं'च, असं कंपन्या म्हणतात. सगळ्या भांडणाची कायदेशीर गाठ इथे आहे.

आणि भाडं? ते मागणीप्रमाणे वर-खाली होतं. प्रवासी कमी असतील तर स्वस्त, गर्दी झाली की महाग. मीटर ही पट्टी आहे, ॲप हा बाजारभाव आहे.

३. विमानतळावरच हा वाद का पेटतो?

शहरात हजार रस्ते आहेत, मग भांडण विमानतळाच्या दारातच का होतं? याची कारणं क्रमाने पाहू.

पहिलं कारण, लांबचं भाडं. विमानतळ सहसा वस्तीपासून दूर असतात. रेल्वे स्टेशनवर दोन-तीन किलोमीटरचा प्रवासी मिळतो, विमानतळावर वीस-तीस किलोमीटरचा मिळू शकतो.

दुसरं कारण, दार एकच. सगळे प्रवासी एकाच जागेतून बाहेर पडतात. ज्याच्या हातात ती जागा, त्याच्या हातात धंदा. म्हणून भांडण अनेकदा पैशाचं दिसत असलं तरी मुळात जागेचं असतं : काउंटर कुठे, गाडी उभी कुठे करायची, कोणाला दारापाशी येऊ द्यायचं आणि कोणाला मागच्या वाहनतळात पाठवायचं.

तिसरं कारण, विमानतळाचं उत्पन्न. आज अनेक मोठे विमानतळ खासगी कंपन्या चालवतात. विमानांच्या शुल्काबरोबरच दुकानं, जाहिराती, पार्किंग, टॅक्सी काउंटरची जागा यांतूनही त्यांना पैसा मिळतो. काउंटरला भाडं, गाडीला प्रवेश शुल्क, थांबलं तर पार्किंग शुल्क. हा पैसा शेवटी येतो कुठून? चालकाच्या खिशातून, नाहीतर प्रवाशाच्या.

चौथं कारण, रांग. हे जरा आकडे घेऊन समजून घेऊ.

समजा एक काळी-पिवळीवाला तीन तास रांगेत थांबला. त्याचा नंबर आला आणि प्रवासी निघाला चार किलोमीटरचा. मीटरचा हिशेब करा : पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, उरलेल्या अडीच किलोमीटरचे सुमारे ५२ रुपये. एकूण ८३ रुपये. जायला अर्धा तास धरला तर साडेतीन तासांत ८३ रुपये, म्हणजे ताशी साधारण २४ रुपये. त्यातून सीएनजी अजून जायचाच आहे.

आता त्याच्या मागच्या गाडीला बावीस किलोमीटरचा प्रवासी मिळाला. ३१ अधिक साडेवीस किलोमीटरचे सुमारे ४२४, मिळून ४५५ रुपये. प्रवासाला एक तास धरला तर चार तासांत ४५५, म्हणजे ताशी ११४ रुपये.

रांग तीच, थांबणं तेवढंच, आणि कमाईत जवळजवळ पाचपट फरक! आता तुमच्या लक्षात येईल की टॅक्सीवाला जवळचं भाडं का नाकारतो. नाकारणं चूक आहे, मोटार वाहन कायद्याने तो गुन्हाही आहे. पण ते निव्वळ मग्रुरीतून होतं असं म्हणून चालणार नाही. रांगेची रचनाच त्याला तसं करायला लावते. आणि गंमत अशी की, ॲपच्या चालकांनाही हेच दुखणं आहे. त्यांची रांग मोबाईलमध्ये असते एवढंच. गाडी ठरलेल्या वाहनतळात उभी करायची, ॲप नंबर देतं, नंबर आला की फेरी येते. म्हणून तर फोन करून "कुठे जायचंय? पैसे रोख की ऑनलाईन?" असं विचारून फेरी रद्द करणारे चालक भेटतात. गाडीचा रंग बदलला तरी गणित तेच राहिलं.

पाचवं कारण, परतीची रिकामी खेप. प्रवाशाला सोडल्यावर परत येताना भाडं मिळालं नाही तर सगळा खर्च एका बाजूच्या भाड्यातूनच काढावा लागतो. शहराबाहेरच्या विमानतळावर तर हे रोजचंच.

४. मुंबई : काळी-पिवळीपासून ॲपपर्यंत

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या एके काळी साठ हजारांच्या घरात होती. पुढे ती घटत गेली. २००७ च्या सुमारास मेरूसारख्या फोनवर बोलावता येणाऱ्या वातानुकूलित टॅक्सी आल्या, तेव्हाच पहिली ठिणगी पडली होती. ॲप आल्यावर फरक एकदम वाढला. सुरुवातीला कंपन्यांनी गुंतवणूकदारांचा पैसा ओतला. प्रवाशाला मीटरपेक्षा स्वस्त भाडं आणि चालकाला फेऱ्या पूर्ण केल्या की वरून बोनस! चालकाला जास्त आणि प्रवाशाला कमी, असं दोन्हीकडे कसं जमेल? जमत नव्हतंच, मधला तोटा कंपनी सोसत होती. अशा स्पर्धेत मीटरने बांधलेला टॅक्सीवाला टिकणार कसा? त्याला भाडं कमी करायचीही मुभा नव्हती आणि वाढवायचीही नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. बाजारात जम बसल्यावर बोनस आटले, कपात मात्र चालू राहिली. ज्या तरुणांनी मोठ्या मिळकतीच्या आशेने कर्ज काढून गाड्या घेतल्या त्यांचे हप्ते थकू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ओला-उबरच्या चालकांनीच संप केला आणि तो दहा दिवसांहून जास्त चालला. जुलै २०२५ मध्ये ते पुन्हा रस्त्यावर उतरले. त्यांची एक मागणी ऐका : आम्हाला काळ्या-पिवळ्या टॅक्सीप्रमाणे सरकारने ठरवलेलं भाडं द्या! म्हणजे ज्या मीटरला मागे टाकून ॲप पुढे गेलं, तोच मीटर ॲपच्या चालकांना हवासा वाटू लागला. या मुद्द्यावर निबंधात एक परिच्छेद नक्की लिहा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने मुंबई महानगर परिसरातल्या ॲप टॅक्सींसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये असा दर ठरवून दिला. कागदावरचा दर ॲपच्या पडद्यावर किती उमटतो, हा पुढचा झगडा.

५. गोवा : जमीन गेली, आता टॅक्सीतरी

या वादाचं सगळ्यात तीव्र रूप गोव्यात दिसतं. तिथली परिस्थिती मुंबईपेक्षा वेगळी आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

गोव्याची सार्वजनिक वाहतूक तोकडी. पर्यटकाला विमानतळापासून हॉटेलपर्यंत जायला टॅक्सीच लागते. टॅक्सी हा तिथल्या हजारो कुटुंबांचा स्वतःचा धंदा आहे. गाडीचा मालक आणि चालक बहुधा एकच, गावातलाच. हंगाम चालतो तो प्रामुख्याने हिवाळ्यात. पावसाळ्यात धंदा मंद. वर्षाचा खर्च काही महिन्यांत काढायचा असतो. दुसऱ्या बाजूला पर्यटकांची जुनी तक्रार अशी की मीटर नाही, भाडं तोंडी सांगितलं जातं आणि थोड्या अंतराला भरमसाट पैसे मागितले जातात. स्टँडवर बाहेरच्या टॅक्सीला प्रवासी घेऊ देत नाहीत, हीसुद्धा तक्रार.

ओला, उबर यांना गोव्यात पाय रोवता आले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने 'गोवामाईल्स' ही ॲपवरची टॅक्सीसेवा एका खासगी कंपनीच्या मदतीने सुरू केली. स्थानिक टॅक्सीचालकांनी तिला पहिल्या दिवसापासून विरोध केला. एप्रिल २०२१ मध्ये 'गोवामाईल्स बंद करा' या मागणीसाठी त्यांनी मोठं आंदोलन केलं. त्याच काळात उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे डिजिटल मीटर बसवण्याचा विषयही ऐरणीवर आला. मीटर बसले, पण मीटर बसवणं वेगळं आणि मीटरवर गाडी चालवणं वेगळं!

मग आला मोपाचा विमानतळ. पेडणे तालुक्यातल्या या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. दाबोळीचा जुना विमानतळही चालू राहिला. मोपा सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून आहे. बांदा, सावंतवाडीची माणसंही तिथून विमान पकडतात. मोपाहून पणजी साधारण पस्तीस किलोमीटर, म्हणजे टॅक्सीसाठी चांगलं भाडं.

पेडणेकरांचं म्हणणं साधं आहे. विमानतळासाठी मोपा आणि आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या. काजूची झाडं गेली, कुळागरं गेली, गुरं चारायच्या जागा गेल्या. प्रकल्प येताना "स्थानिकांना रोजगार मिळेल" असं सांगितलं गेलं. टर्मिनलमधल्या नोकऱ्यांना शिक्षण लागतं, इंग्रजी लागतं. सगळ्यांना त्या मिळणार नाहीत. मग गावातल्या मुलाने कर्ज काढून टॅक्सी घेतली तर निदान त्या दारातला धंदा तरी त्याला मिळावा की नको? स्थानिकांच्या 'ब्लू कॅब' टॅक्सींना मोपावर काउंटर मिळाला, पण गोवामाईल्सचाही काउंटर राहिला. २०२५ च्या सुरुवातीला पेडण्याचे टॅक्सीचालक पुन्हा आंदोलनात उतरले. मुख्य मागण्या दोन : गोवामाईल्सचा काउंटर हटवा आणि वाढवलेलं पार्किंग शुल्क कमी करा. पाहिलंत, काउंटर आणि पार्किंग! भांडण जागेचं असतं असं वर म्हटलं ते यासाठी.

मे २०२५ मध्ये गोवा सरकारने ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. मसुदा आला तसा विरोधही उसळला. चालक, त्यांच्या संघटना, किनारी भागातले आमदार सगळे बोलू लागले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. कारण उघड आहे. टॅक्सीचालक हा मतदार असतो, पर्यटक नसतो.

इथे थांबून विचार करा. पेडण्याच्या तरुणाची मागणी न्याय्य वाटते ना? वाटायलाच हवी. पण ॲप नको म्हटल्यावर रात्री दोन वाजता उतरलेल्या एकट्या मुलीला काउंटरवरचं भाडं मुकाट्याने द्यावं लागतं, हेही खरंच. आणि गोवामाईल्सचे चालक कोण आहेत? त्यांतही गोव्याचीच मुलं आहेत. 'आतला आणि बाहेरचा' ही रेघ वाटते तितकी सरळ नाही.

६. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तेव्हा आपल्याकडे मोबाईलच नव्हता, मग ॲप कुठून असणार? त्यामुळे बरीच वर्षं या कंपन्या कायद्याच्या फटीत चालल्या. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा अशा कंपन्यांची व्याख्या कायद्यात आली आणि त्यांना राज्य सरकारचा परवाना आवश्यक झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं दिली : गर्दीच्या वेळी भाडं मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच आणि फेरीच्या पैशातले किमान ८० टक्के चालकाला. जुलै २०२५ च्या नव्या तत्त्वांत गर्दीच्या भाड्याची ही मर्यादा मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत गेली.

महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय चालणाऱ्या ॲप कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. यातून शिकण्यासारखं एकच : धंदा आधी आला, कायदा मागून धावला. त्या मधल्या वर्षांत ज्याचं नुकसान झालं, त्याची भरपाई आपल्याकडे कुणी केली नाही.

७. जगात काय झालं?

हा वाद फक्त आपलाच नाही. २५ जून २०१५ रोजी पॅरिसमध्ये टॅक्सीचालकांनी विमानतळांकडे जाणारे रस्ते अडवले, गाड्या उलथवल्या, टायर पेटवले. २० डिसेंबर २०१७ ला युरोपीय न्यायालयाने बार्सिलोनाच्या टॅक्सी संघटनेच्या दाव्यात निकाल दिला की उबर ही नुसती गाठ घालून देणारी कंपनी नाही, ती वाहतूक सेवाच आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क मान्य केले. आणि ऑस्ट्रेलियात मार्च २०२४ मध्ये टॅक्सीवाल्यांच्या सामूहिक दाव्यात तडजोड म्हणून उबरने सुमारे २७ कोटी १८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे 'काळ बदलला, आता सोसा' एवढंच उत्तर सगळीकडे दिलं गेलं नाही.

८. मग उपाय काय?

"दोघांनी सामंजस्याने वागावे" असं लिहून निबंध संपवू नका. सामंजस्य हवंच, पण रांगेचं गणित तसंच ठेवून ते येत नाही. उपाय ठोस हवेत.

(अ) *एकाच दारात सारखे नियम.* मीटर एकाला आणि बाजारभाव दुसऱ्याला, हे चालणार नाही. भाड्याची खालची आणि वरची मर्यादा दोघांनाही सारखी हवी. बॅज, विमा, चालकाची पोलीस पडताळणी, तक्रार क्रमांक हेही दोघांना सारखं.

(आ) *जवळच्या भाड्यासाठी टोकन.* न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जवळची फेरी करून ठरावीक वेळेत परत आलेल्या टॅक्सीला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागू नये अशी पद्धत वापरली गेली. आपल्याकडे हे केलं तर भाडं नाकारण्याचं मूळ कारणच कमी होईल. दंडापेक्षा हा उपाय स्वस्त आणि शहाणा.

(इ) *काउंटरवर भाड्याचा फलक.* कोणत्या भागाला किती भाडं, ते मराठी, हिंदी, इंग्रजीत ठळक अक्षरांत. सामानाचे किती, रात्रीचे किती, तेही. भाडं आधीच लिहिलेलं असलं की हुज्जत अर्धी संपते.

(ई) *स्थानिकांचा वाटा लेखी.* जमीन घेताना दिलेलं आश्वासन तोंडी राहिलं की पुढे आंदोलन होतं. किती गाड्या स्थानिकांच्या, किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर, हे प्रकल्पाच्या करारातच हवं. वाटा द्यायचा, पण त्याबरोबर मीटर आणि सेवेची अटही घालायची.

(उ) *चालकांचं स्वतःचं ॲप.* ॲप हे शेवटी साधन आहे, ते कंपनीचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? दूध संघ, साखर कारखाने सहकारातून उभे करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. केंद्र सरकारनेही सहकारी टॅक्सीसेवेची घोषणा २०२५ मध्ये केली. ती टिकेल की नाही हे प्रवाशाला वेळेवर गाडी मिळते का, यावर ठरेल.

(ऊ) *सार्वजनिक वाहतूक.* विमानतळापर्यंत चांगली बस किंवा मेट्रो असेल, तर प्रवासी कुणाच्याच तावडीत राहत नाही. या उपायाची चर्चा सगळ्यात कमी होते, कारण तो कुठल्याच बाजूचा नाही. तो फक्त प्रवाशाचा आहे.

९. सारांश

जुना टॅक्सीवाला बरोबर आहे, कारण नियम पाळायला लावून सरकारने त्याला नियम नसलेल्या स्पर्धेत ढकललं. प्रवासी बरोबर आहे, कारण मक्तेदारीत त्याला वर्षानुवर्षे नकार आणि वाढीव भाडं सोसावं लागलं. ॲपचा चालक बरोबर आहे, कारण त्याला 'भागीदार' म्हणतात, पण भाडं ठरवताना विचारत नाहीत. तिघेही आपापल्या जागी बरोबर असताना भांडण होतं, तेव्हा दोष बहुधा नियम करणाऱ्याचा असतो. दारात दोन चालक एकमेकांची कॉलर धरतात. ज्यांनी भाडं, शुल्क आणि जागा ठरवली ते तिथे नसतातच. निबंधात हे सांगता आलं, तर विषय तुम्हाला कळला.

शब्दार्थ

परवाना – अधिकृत परवानगीचा कागद
मक्तेदारी – एखाद्या धंद्यावर एकाचाच ताबा
हुज्जत – वादावादी
कुळागर – गोव्यातली सुपारी, नारळ, केळी यांची बागायत
रिकामी खेप – प्रवासी नसताना केलेली फेरी
ऐरणीवर येणे – तातडीने चर्चेला येणे
पोटावर पाय येणे – उपजीविका धोक्यात येणे

स्वाध्याय

१. पारंपरिक टॅक्सी आणि ॲपची टॅक्सी यांतील फरक परवाना, भाडे आणि रांग या तीन मुद्द्यांवर लिहा.

२. हिशेब करा : वर दिलेल्या मुंबईच्या दराने ७ किलोमीटरचे भाडे किती होईल? चालक रांगेत दोन तास थांबला असेल आणि प्रवासाला अर्धा तास लागला असेल, तर त्याची तासाची कमाई काढा. त्यातून इंधनाचा खर्च वजा झाल्यावर काय उरेल, यावर दोन वाक्ये लिहा.

३. 'विमानतळावरचे भांडण पैशाचे दिसते, पण असते जागेचे.' मोपाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. स्वमत : प्रकल्पासाठी जमीन दिलेल्या गावाला तिथल्या टॅक्सी व्यवसायात राखीव वाटा असावा का? तुमचे मत कारणांसह १०० शब्दांत मांडा. विरुद्ध बाजूचा एक मुद्दाही त्यात आला पाहिजे.

५. उपक्रम : तुमच्या गावच्या स्टँडवरच्या एका रिक्षा किंवा टॅक्सीचालक काकांशी बोला. दिवसाच्या किती फेऱ्या होतात, किती वेळ थांबावं लागतं, हप्ता आणि इंधन जाऊन हातात काय राहतं, ते विचारा. त्यांना वेळ असेल तेव्हाच जा, गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा. नाव न लिहिता माहिती वहीत नोंदवून वर्गात सांगा.